कुमुदताई म्हणून बोलताना

कुमुदताई गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला. डब्याची सुट्टी झाली तरी सकाळचं धुकं उठलं नव्हतं. मैदानापलीकडे बांधकाम चाललेल्या टॉवरांचे वरचे मजले दिसतच नव्हते, आणि स्टाफरूममध्ये मी पोळीचा पहिला तुकडा मोडत होते तेवढ्यात क्लार्क बोलवायला आली. फोनवर आमच्या गटाचे बत्रा सर होते. "अलका जी, कुमुद जी नहीं रहीं. आज सुबह… हार्ट." मी म्हटलं, "अच्छा. फिर?" एवढंच. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे बोलणं माझं नव्हे. तोंड माझं होतं, आवाजही माझाच असणार, पण बरी-वाईट कसलीही बातमी आली की "अच्छा. फिर?" असं विचारायची सवय कुमुदताईंची. मी अशा वेळी "अगं बाई!" म्हणून मटकन खाली बसणारी आहे. फोन ठेवला तेव्हा क्लार्क माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. तिला वाटलं असेल, काय कोरडी बाई आहे.

आधीच सांगून ठेवते, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. अंगात येण्यावर तर मुळीच नाही. आजोळी नवरात्रात एका बाईंच्या अंगात यायचं आणि मी त्यांच्या मागे उभी राहून त्यांची नक्कल करायचे, त्याबद्दल मारही खाल्लेला आहे. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते वाचून कुणी माझी दृष्ट काढायला येऊ नये. मला फक्त कुमुदताईंबद्दल लिहायचं आहे. अडचण अशी की त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की माझा पेन अडतो. त्यांच्या*बद्दल* बोलायची मला सवयच राहिलेली नाही. इतकी वर्षं मी कुमुदताई *म्हणून* बोलत आले.

हे कसं, ते सांगते. कुमुद दिघे या दक्षिण दिल्लीतल्या एका संस्थेत शिक्षणावर संशोधन करायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीतलं, रिजच्या टेकडीवर, हिंदूराव सरदाराच्या जुन्या वाड्याच्या उताराला. "ग्वाल्हेरहून आधी हिंदूराव आला, त्याच्या मागून आम्ही. तू काय, कालची," असं मला ऐकवायच्या. संस्था लांब पडते म्हणून मुनिरकात विद्यार्थ्यांच्या गर्दीत एक खोली भाड्यानं घेऊन ठेवली होती; आठवडाभर तिथे, रविवारी भावाकडे रिजवर. लग्न केलं नव्हतं. मी नव्वदीच्या मधल्या वर्षांत पुण्याहून आले. शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एका परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही गुडगावात येऊन पडलो. तेव्हाचं गुडगाव म्हणजे एका बाजूला मोहरीचं शेत, दुसऱ्या बाजूला काचेची इमारत, आणि मध्ये नाव नसलेला रस्ता. त्या काचेत शेत दिसायचं. पुढे शेत गेलं आणि काचेत समोरची काच दिसायला लागली. मला त्या रस्त्यांवरून दिवसाढवळ्या चालायला नको वाटायचं, कारण माणूसच दिसायचं नाही. नुसत्या क्रेन फिरत असायच्या.

अशाच एका नव्या इंग्रजी शाळेत मी गणित शिकवायला लागले. शाळा ज्या जमिनीवर उभी राहिली त्या गावातल्या मुलांना तिथे प्रवेश द्यायचा असं जमीन घेताना ठरलं होतं. त्यामुळे एकाच वर्गात निम्मी मुलं गावातली आणि निम्मी फ्लॅटमधली. कुमुदताई एका पाहणीसाठी आमच्याकडे आल्या आणि माझ्या चौथीच्या वर्गात सगळ्यात मागे, खिडकीखाली, जमिनीवर बसल्या. खुर्ची देऊ केली तर म्हणाल्या, "नको गं, खुर्चीत बसलं की मी इन्स्पेक्टर दिसते." तीन-चार दिवसांत मुलं त्यांना विसरली. मी मात्र विसरू शकले नाही. बाई काही लिहायच्या नाहीत, हलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. आठवड्यानं मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर नेटवर्कमध्ये येतेस का?"

आम्ही त्याला नुसतं 'नेटवर्क' म्हणायचो. दिल्ली आणि आसपासचे काही संशोधक आणि काही शाळाशिक्षक यांचा तो गट. विद्यापीठातली माणसं शाळांवर लिहितात आणि शाळेतली माणसं ते वाचत नाहीत; वाचलंच तर "या एकदा आमच्या वर्गात, मग बघू" म्हणून बाजूला सारतात. तर प्रश्नच दोघांनी मिळून काढायचा, दोघांनी मिळून वर्गात शोधायचा, आणि सापडलेलं आधी शाळेला सांगायचं, असा त्यांचा विचार. म्हणून तिथे एकट्याला प्रवेश नव्हता. एक संशोधक, एक शिक्षक, अशा जोडीनंच यायचं. "म्हणजे सत्यनारायणाला बसल्यासारखं," मी म्हटलं. "बिल्कुल तसंच," कुमुदताई म्हणाल्या, "फक्त प्रसादाला शिरा नाही. बत्रा सरांच्या घरचा समोसा."

बत्रा सर हे निवृत्त हेडमास्तर, गटाचे कर्तेधर्ते. त्यांनी एक रीत घातली होती, तिला 'अदला-बदली' म्हणत. जोडीतल्या कुणीही स्वतःच्या नावानं बोलायचं नाही. संशोधकानं शिक्षक म्हणून बोलायचं, शिक्षकानं संशोधक म्हणून, आणि तेही 'मी' म्हणून. बत्रा सरांचं म्हणणं असं की माणूस 'शिक्षक असं करतात' म्हणतो तेव्हा त्याची जीभ फार मोकळी सुटते. 'मी असं करते' म्हणायला लागलं की तिला आपोआप लगाम बसतो. ऐकायला गंमत वाटते. मलाही वाटली होती. पहिल्या बैठकीत मी उठून "मैं कुमुद दिघे" म्हणून त्यांची पदवी, संस्था, आजवरचं काम असं सगळं घडाघडा सांगितलं आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिले. मग कुमुदताई उठल्या. चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, "मैं अलका. मला या शाळेत भीती वाटते. घंटा व्हायच्या आधी मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारते. मुलांना वाटतं, मॅडमना उकडतंय. मला या शहरात कुणी ओळखत नाही आणि मी उद्या आले नाही तर कुणाला कळणारही नाही, असं मला रोज वाटतं." हे त्या हिंदीतच बोलल्या, पण मला ते मराठीतच आठवतं, कारण माझ्या मनात ते मराठीत होतं. आणि मी ते कुणालाही, अगदी शिरीषलाही, सांगितलेलं नव्हतं.

परतताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "तुझ्या पदराची कड रोज ओली असते. बाकीचं… बोलता बोलता आलं." मग हसून म्हणाल्या, "तू मात्र माझा बायोडेटा वाचलास. मी त्यात कुठे होते?" मी खिडकीबाहेर बघत बसले. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर फार दिवसांनी एकटं वाटत नव्हतं.

पुढे मलाही जमायला लागलं. त्यांचं थांबणं, त्यांचं अर्ध्यात वाक्य सोडून देणं, समोरचा चुकला तरी आधी "हां, बरोबर" म्हणणं… एखादं भाडेकरू बिऱ्हाड हळूहळू सामान आणून टाकतं तसं ते माझ्यात येत गेलं. एकदा मी फोनवर बोलत असताना शिरीष आतून येऊन दारात उभा राहिला. "यार, मला वाटलं कुमुदताई आल्यात," म्हणाला. त्याला ते आवडलं नव्हतं. एका वर्षी त्याच्या कंपनीनं पुण्याला परत जायची संधी देऊ केली. आम्ही दोघं रोज त्यावर बोलत होतो, ठरत काहीच नव्हतं, बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्या महिन्याच्या बैठकीत कुमुदताई माझ्या वतीनं वर्गाबद्दल बोलता बोलता मध्येच म्हणाल्या, "मी पुढच्या वर्षीही इथेच आहे. मी परत जाणार नाही." बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. "माझ्या तोंडी हे का घातलंत?" त्यांचा चेहरा उतरला होता. "मी नाही घातलं गं," त्या म्हणाल्या. "मी बोलत होते आणि ते आलं. मलाच ऐकून धक्का बसला. कुठे जाणार होतात तुम्ही?" आम्ही गेलो नाही. मला राहायचंच होतं आणि ते त्यांना दिसलं होतं, की त्या बोलल्या म्हणून मी राहिले, हे मला आजही सांगता येत नाही.

आमचा दोघींचा प्रश्न एकच होता. गावातली मुलं मैदानावर कान किटेपर्यंत बोलतात आणि वर्गात आली की दातखीळ बसल्यासारखी गप्प होतात, ती का? आम्ही गणिताच्या तासाला एक रीत सुरू केली. रोज थोडा वेळ मुलांनी आपलं उत्तर आपापल्या बोलीत सगळ्या वर्गाला समजावून सांगायचं. गावातली मुलं हरियाणवीत म्हशी विकून वजाबाकी सांगायला लागली आणि वर्गाचा रंगच पालटला. आम्ही तसं लिहून दिलं: मुलांना स्वतःच्या बोलीत बोलू दिलं तर ती बोलतात. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टनं ते वाचलं, आमचं तोंडभरून कौतुक केलं आणि या हिवाळ्याच्या सुरुवातीला आमचाच कागद आमच्यापुढे ठेवून म्हटलं, "मग गावातल्या मुलांचा वर्ग वेगळाच करू. दुपारच्या पाळीत. तुम्हीच म्हणता ना, आपल्या बोलीत ती खुलतात?" त्यावर नेटवर्कचं मत त्यांना हवं होतं, आणि नेटवर्क ज्या जोडीचा प्रश्न तिलाच आधी विचारणार.

मला ट्रस्टचं म्हणणं पटत होतं. हे मी अजिबात लपवत नाही. फ्लॅटमधली मुलं हसायची, नाकं मुरडायची. त्यांच्यापासून दूर, आपल्या आपल्यात ही मुलं मोकळी होतील असं मला मनापासून वाटत होतं. कुमुदताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला जरा विचार करू दे. बैठकीत सांगते." मुनिरकाच्या खोलीत आम्ही बसलो होतो, खालून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. निघताना जिन्यापर्यंत आल्या. "म्हणजे तूच सांगशील म्हणा," असं म्हणाल्या आणि आत गेल्या. रीतीनं ते बरोबरच होतं, त्यांचं मत मीच मांडायचं होतं. पण त्यांनी ते मला सांगितलंच नाही. तीच शेवटची भेट.

बैठक त्यांच्या जाण्यानंतर काही आठवड्यांनी झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी, पण बाहेर धुकं असं की दिवे लावावे लागले. खुर्च्या नेहमीसारख्या दोन-दोन मांडलेल्या. माझ्या शेजारची कुणी उचलली नव्हती. पूजेला बायको हयात नसली तर कमरेला सुपारी लावून बसतात. नेटवर्कात तशी सोय नव्हती. बत्रा सर म्हणाले, "अलका जी, आज रहने दीजिए. आप अपनी तरफ़ से बोलिए." मी तयारी करून गेले होते. मुलांचा वर्ग वेगळा करावा, आणि आम्हा दोघींचं हेच मत आहे, असं सांगायचं मी ठरवलं होतं. उठले. आपल्या नावानं बोलायला तोंड उघडलं, आणि सवयीनं म्हणा, काहीही म्हणा, शब्द आले ते "मैं कुमुद."

मी थांबले. थांबणंही माझं नव्हतं, इतका वेळ मी कधी थांबत नाही. मग म्हणाले, "मुझसे एक गलती हुई है. मी मागे खिडकीखाली बसून गावातल्या मुलांकडे बघत राहिले. ती बोलायला लागली हे मी लिहिलं. पण ती बोलत होती तेव्हा बाकीचा निम्मा वर्ग काय करत होता? ऐकत होता. आधी हसत होता, मग ऐकत होता. ते मी लिहिलं नाही. ऐकणारे काढून घेतले तर ही मुलं बोलणार कुणाशी? त्यांना वेगळं बसवू नका." मी हे बोलत होते आणि मलाच ते नवीन होतं. माझ्या तयारीत यातला एक शब्द नव्हता. फळ्याजवळ उभं राहून मला तो निम्मा वर्ग ऐकताना कधी दिसलाच नव्हता. एका शिक्षकानं रीतीप्रमाणे विचारलं, "कुमुद जी, अलका जी इससे सहमत हैं?" आणि मी उत्तर दिलं, "अलका को अभी मालूम नहीं है."

कुणी हसलं नाही. मी खाली बसले. बत्रा सरांनी कागद उलटला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं म्हणाले, "अब अलका जी की बात…" सगळ्या माना माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. माझीही वळली. माझी बाजू तिथूनच यायची होती ना… बराच वेळ आम्ही सगळे त्या खुर्चीकडे बघत राहिलो. शेवटी सरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला तेव्हा पहिल्यांदा रडू फुटलं, आणि ते कुमुदताईंसाठी होतं तितकंच माझ्यासाठीही. मी म्हणून बोलणारं आता कुणी नव्हतं.

नेटवर्कनं तेच मत कळवलं आणि ट्रस्टनं दुपारच्या पाळीचा बेत यंदापुरता मागे घेतला. सगळे मला म्हणाले, कुमुदताईंची इच्छा पुरी झाली. मला मात्र स्वस्थता नव्हती. ती त्यांची इच्छा होती का? त्यांनी तर मला काहीच सांगितलं नव्हतं. की मेलेल्या माणसाच्या नावावर मी आपलंच काहीतरी खपवलं, आणि तेही मला स्वतःला न पटलेलं? शिरीषला विचारलं तर म्हणाला, "तुला मनातून तेच वाटत असणार." पुण्याच्या वेळीही लोकांनी मला हेच सांगितलं असतं. त्यांच्या भावाला रिजवर भेटायला गेले, तर ते बिचारे म्हणाले, ताई घरी शाळेचं काही बोलायची नाही.

एकटीला नेटवर्कात राहता येत नव्हतं, म्हणून बत्रा सरांनी मला नवी जोडीदारीण दिली. रेश्मा मुजावर, मूळची सांगलीकडची, मुनिरकात राहून पीएच.डी. करणारी. चुणचुणीत मुलगी आहे. कुमुदताईंना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं आणि मी तिच्यापाशी त्यांचा विषय मुद्दाम काढला नव्हता. एकीची आठवण दुसरीच्या गळ्यात कशाला बांधायची? ती काही दिवस माझ्या वर्गात येऊन बसली, पुढे दाराजवळ, स्टुलावर. मग परवाच्या बैठकीत आमची पहिली अदला-बदली झाली. रेश्मा उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मैं अलका. मी वर्गाला प्रश्न विचारते आणि थांबते. मग मागे बघते, खिडकीच्या खाली, जिथे कुणी बसत नाही. तिथून 'हां' आलं की पुढे जाते. कधीकधी 'हां' येत नाही. मग मी प्रश्न बदलते."

ती पुढेही बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं. चहाच्या वेळी मी तिला कोपऱ्यात गाठलं. "हे तुला कुणी सांगितलं?" ती गोंधळली. "सांगायचं काय त्यात, मॅडम? तुम्ही रोजच करता. मला वाटलं, तिकडे घड्याळ वगैरे आहे. मग बघितलं तर भिंतच आहे." आणि मग हळू आवाजात म्हणाली, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही, काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून वर्गात गेले. आज मागे बघायचं नाही. काय व्हायचं ते माझ्या एकटीच्या जोरावर होऊ दे. धुकं संपून ऊन पडायला लागलं होतं, क्रेनची सावली मैदानावरून सरकत होती. मी फळ्यावर गणित लिहिलं, प्रश्न विचारला आणि वळलेच नाही, खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मागून काहीच आवाज येईना. वह्यांचा नाही, पायांचा नाही. चौथीचा वर्ग इतका शांत कधीच नसतो. मला राहवेना, मी वळले. सगळी मुलं, गावातली आणि फ्लॅटमधली, बाकांवर मागे वळून बसली होती आणि खिडकीखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. कुणी घाबरलेलं नव्हतं. रोजच्यासारखी नुसती वाट बघत होती. मग पहिल्या बाकावरची अनन्या माझ्याकडे वळली. दहाव्या मजल्यावर राहणारी, घरी आईशीसुद्धा इंग्रजीत बोलणारी मुलगी. तिच्या बाकावर गावातली पूनम बसते. अनन्या थेट पूनमच्या हरियाणवीत मला म्हणाली, "मैडम जी, हां कह दी. आगै चालो."

मी पुढे शिकवायला लागले.